माणिकबाईंची टाळी

सकाळी उठल्यावर माणिकबाई तोंडही न धुता स्वयंपाकघराच्या दारात येत आणि एकच टाळी वाजवत. देवापुढं वाजवतात तशी नाही. दोन दगड एकमेकांवर आपटावेत तशी. टाळीसरशी कोपऱ्यातल्या संत्र्यांवर बसलेली चिलटं एकदम उठत. तपकिरी लोट छताकडं जाई, जरासा घोटाळे आणि पुन्हा खाली येऊ लागे. तेवढ्यात माणिकबाईंचं सगळं पाहून झालेलं असे. आज किती आहेत, मोरीकडं किती वळली, भाकरीच्या टोपल्याकडं किती गेली. मग खुंटीवरचा ओला पंचा ओढून त्या मारायला सुरुवात करत.

शेंदूरजनाघाटच्या त्या घरात सून म्हणून आलेल्या दामिनीला पहिल्या सकाळी जाग आली ती त्या टाळीनं. तिला वाटलं, आरती सुरू झाली. पदर सावरत ती लगबगीनं आली, तर सासूबाई भिंतीवर पंचा आपटत होत्या. एक फटका भिंतीला, एक ओट्याला, एक डब्यांच्या फळीला. ओठ आत ओढून घेतलेले, कपाळावर शीर उभी. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक फटक्यामागं बारीक लाल ठिपके उमटत होते. चिलटाच्या एवढ्याशा अंगातही रंग असतो, हे दामिनीला तोवर ठाऊक नव्हतं.

"पाहून काय राह्यली?" माणिकबाई मागं न वळता म्हणाल्या. "तो दुसरा पंचा घे. मोरीकून मार. थंडीनं जड असतात सकाळी, उडाले वेळ लावतात. ऊन आलं का मंग तुह्या बापालेबी सापडाची नाईत."

दामिनी अकोल्याची. जठारपेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात वाढलेली, बी.ए. झालेली. नव्या नवरीच्या हातातला पहिला पदार्थ गोड असतो असं तिला आईनं सांगितलं होतं. तिच्या हातात पहिल्याच सकाळी ओला पंचा आला.

चिलटं येत होती ती संत्र्यांमुळं. माणिकबाईंचा एकुलता एक मुलगा योगेश वरूड रस्त्यावरच्या शेडमध्ये संत्री निवडायला होता. डाग पडलेला, दबलेला, फुटलेला माल बाजूला निघे. शेडच्या जुन्या रिवाजाप्रमाणं तो निवडणाऱ्या माणसाचा. प्लॅस्टिकच्या कॅरेटमधून योगेश तो घरी आणी आणि तीन-चार दिवसांनी रसवाला येऊन घेऊन जाई. अंगणात ठेवायची सोय नव्हती. काळतोंडी वानरं कौलांवर टपलेलीच असत. स्वयंपाकघर मात्र उत्तरेचं, जाड मातीच्या भिंतींचं, घरातली सगळ्यात थंड खोली. म्हणून कॅरेटं तिथं. योगेशचे वडील पुंजाजी होते तेव्हाही तिथंच. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत त्या घरातली भाकरी संत्र्याच्या आंबूस वासात भाजली जाई.

संत्री पुरुषांची होती आणि चिलटं बायकांची. ही वाटणी कोणी केली ते कोणाला आठवत नव्हतं, पण ती मोडायचंही कोणाच्या मनात आलं नव्हतं. माणिकबाई त्या कॅरेटांतली फुटकी फळं वेचून फेकत, खालची फरशी पुसत, पण कॅरेट तिथून उचलून बाहेर ठेवावं, असा विचार त्यांच्या हातांना कधी शिवला नाही. आणि त्या घरात चौतीस वर्षं राहून त्यांनी संत्र्याची एक फोड तोंडात घातली नव्हती.

"काहून वो आत्याबाई? आवडत नाई?" दामिनीनं एकदा विचारलं.

"वासच नको व माय. मले तं झोपेतबी त्याचाच वास येते. मेल्यावर तोंडात तुळशीचं पान ठेवजा, संत्र्याची फोड नोका ठेवू."

माणिकबाई मूळच्या चांदूर रेल्वेच्या. वडील रुळांवर गँगमन. घर रुळाला लागून. लहानपणी डोळे मिटून त्या सांगत, ही मालगाडी, ही पॅसेंजर, ही रिकामी आहे, ही भरलेली. भावंडं पैज लावत आणि हरत. लग्न होऊन त्या वरूडच्या बाजूला आल्या, जिथं रात्री फक्त बगिच्यातल्या पाण्याच्या मोटारींचा आवाज. आणि पहिल्याच वर्षी त्यांचा डावा कान गेला.

ते त्यांनी दामिनीला एका दुपारी सांगितलं, तूर निवडता निवडता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

"अचलपूरचे पाहुणे आले होते. ह्याईच्या आत्याकडचे. मी ताक वाढलं. त्याच्यात एक चिलट. एकच. पाहुणा शहाणा होता बिचारा, बोटानं काढून टाकलं अन् पेला. हे काई बोलले नाईत. त्याईले मोटार स्टँडवर पोचवून आले, पाण्याचा गडवा उचलला अन् अथी मारला." त्यांनी कानावर बोट ठेवलं. "पितळेचा होता. माह्याच माहेरचा."

दामिनीच्या हातातलं सूप थांबलं. "मंग तुमी काय केलं?"

"काय करतं? दुसऱ्या दिवशीपासून लवकर उठाले लागली." मग त्या हसल्या. "एका कानाचंबी बरं असते पोरी. अर्ध्या शिव्या ऐकूच येत नाईत."

त्यानंतर पुंजाजींनी मिठासाठी मारलं, उशिरासाठी मारलं आणि कशासाठीच नाही म्हणूनही मारलं. पण मिठाचं, उशिराचं काही करता येत नव्हतं. चिलटांना मारता येत होतं. म्हणून माणिकबाईंनी मनाशी एक गाठ मारून ठेवली होती, की चिलट नसलं तर हात उचलायला कारण उरत नाही. दामिनी घरात येण्याआधीच पुंजाजी वारले, तरी ती गाठ सुटली नाही. आणि हीच गाठ त्यांनी सुनेच्याही पदराला बांधली.

योगेशनं दामिनीवर पहिल्यांदा हात उचलला तो वरणातल्या चिलटावरून. त्यांची मुलगी आकांक्षा तेव्हा रांगत होती. योगेशनं ताट बाजूला सरकवलं, शांतपणे हात धुतला, पुसला आणि मग मारलं.

"दिवसभर घरात असता दोघीजणी. दोन चिलटं मारता येत नाईत?"

माणिकबाई चुलीपुढं होत्या. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी त्यांनी ती उलटली नाही. मुलाला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दामिनी वाट पाहत होती, आता काही म्हणतील, आता म्हणतील. दुसऱ्या दिवशी पहाटे रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी माणिकबाईंनी तिचा खांदा हलवला.

"उठ. आज मोरीत उकळतं पाणी टाकू. तथी अंडे घालतात मुडदे."

गालापेक्षा ते वाक्य दामिनीला जास्त लागलं. पण ती उठली.

मग दोघींनी युद्धच मांडलं. मोरीच्या नळीत भगुणंभर आधण ओतलं की आतून बुळबुळीत करडा थर सुटून येई. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत. माणिकबाई त्या चपलेनं चिरडत, एकही न सोडता, दात आवळून. कॅरेटमधली फुटकी संत्री त्या रोज संध्याकाळी वेचून काढत आणि चुलीत घालत. साल फाटताना चर्र आवाज होई आणि त्या कान देऊन ऐकत. पोतेरं उन्हात वाळवायचं, उष्टं क्षणभर ठेवायचं नाही, प्रत्येक भांड्यावर झाकण. त्यांचं घर पाहून शेजारच्या पार्वताबाई म्हणत, "माणिकबाई, तुमच्या घरी तं माशीबी परवानगी काढून येते."

दामिनीनं फोनवर एक उपाय पाहिला. वाटीत कुस्करलेलं संत्रं, वर कागदाचं नरसाळं आणि आत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब.

"आता फोनवर चिलटं मारतेत का?" माणिकबाई म्हणाल्या. "उद्या फोनवर भाकरी भाजशीन."

दुसऱ्या सकाळी वाटी काळी झालेली होती. शेकडो. एकमेकांवर चढून बुडालेली. माणिकबाई वाटीपुढं उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या. एक चिलट अजून पाय हलवत होतं. त्यांनी कागदाच्या टोकानं त्याला खाली दाबलं आणि हलायचं थांबेपर्यंत दाबून धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं त्याला दामिनीला नाव देता आलं नाही. तिला एवढंच कळलं, की ते चिलटासाठी नव्हतं.

चिलटं कमी झाली. पण तीन दिवसांनी नवी कॅरेटं येत आणि लोट पुन्हा छताला भिडे. योगेशचा हातही तसाच. एकदा पाठीत बुक्की. एकदा आमटीच्या डावानं. एकदा तिची वेणी धरून त्यानं तिचं तोंड आमटीच्या पातेल्यापर्यंत नेलं होतं, "पाह्य, मोज, किती हायेत ते" म्हणत. आणि दर वेळी माणिकबाई दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठत. टाळी आणखी जोरात वाजे.

आकांक्षाला चार वर्षं पूर्ण झाली त्या कार्तिकात संत्री उदंड आली आणि चिलटंही. योगेश म्हणाला, "तुमच्यानं होत नाई. आता मी पाह्यतो."

बगिच्यात रात्री फळातला रस शोषणारं एक पाखरू, पतंगासारखं, येतं. ते ज्या फळाला टोचतं ते फळ गळतं. त्याच्यासाठी तिकडची माणसं झाडाला अर्ध्या कापलेल्या बाटल्या टांगतात. आत गुळाचं पाणी, संत्र्याचा रस आणि औषध. गोड वासाला पाखरू येतं आणि आत मरतं. गावातलं शेंबडं पोरही त्या बाटलीला हात लावत नाही, कारण ती झाडावर असते आणि झाडावरच्या बाटलीत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. योगेशनं तसलीच एक बाटली आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला, कॅरेटांच्या वर, सुतळीनं बांधली.

माणिकबाई उठून उभ्या राहिल्या. "योगेश, हे बगिच्यातलं औषध हाय. घरात लेकरू हाय."

"पाखराले चालते तं चिलटाले काहून चालणार नाई? लेकराले सांग, हात नोको लावू म्हणा."

"घरात जहर नाई टांगत बाप्पा."

"तू चूप राय माय. चौतीस वर्षं टाळ्या वाजवल्या, काय झालं?"

दुसऱ्या दिवशी दामिनीनं बाटली सोडून मागच्या अंगणात उंच खुंटीवर नेऊन ठेवली. संध्याकाळी बाटली परत खिडकीला होती आणि दामिनीच्या दंडावर चार बोटं निळी उठली होती. चिलटं मात्र मरत होती. पिठात पडत, पाण्याच्या गुंडीत पडत, ओट्यावर काळ्या खसखशीसारखी पसरत. दोघी दिवसभर ती पुसत. आकांक्षाला एकटी स्वयंपाकघरात जाऊ द्यायचं नाही, असं दोघींचं न बोलता ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, दामिनी मागच्या अंगणात मोगरीनं कपडे धोपटत होती. माणिकबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गहू निवडत बसल्या होत्या. उजवा, चांगला कान अंगणाकडं. नात अंगणात खेळत होती म्हणून. डावा कान स्वयंपाकघराकडं.

आकांक्षा पुढच्या खोलीतून फिरून कधी आत गेली ते त्यांना कळलं नाही. फरशीवरून कॅरेट ओढल्याचा आवाज अंगणातल्या दामिनीलाही आला असता, जर मोगरी थांबली असती. माणिकबाईंना तो येणं शक्यच नव्हतं. सुपातला एक खडा काढून टाकायला म्हणून त्यांनी मान वळवली आणि त्यांना दिसलं. रिकाम्या, उपड्या कॅरेटवर नात उभी. एका हातात स्टीलचा पेला, दुसऱ्या हातानं बाटली तिरपी केलेली. पेला अर्धा भरलेला.

"आजी, शरबत," आकांक्षा म्हणाली आणि पेला तोंडाकडं नेला.

माणिकबाईंचा हात पंच्याशिवाय, सगळ्या अंगाच्या जोरानिशी बसला. पेला भिंतीवर आदळला. पोर कॅरेटवरून खाली पडली आणि तिनं टाहो फोडला. माणिकबाईंनी तिचा जबडा दाबून तोंड उघडलं, आत दोन बोटं घातली, जीभ पुसली, ओठ पुसले, नाक लावून तोंडाचा वास घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. दामिनी धावत आली तेव्हा मोगरी तिच्या हातातच होती.

"पेली का? आत्याबाई, पेली का ती?"

"नाई." त्या पुन्हा वास घेत होत्या. "नाई पेली. दुधाचाच वास हाय. नाई पेली."

दोघींनी तिला साबणानं धुतलं, कपडे बदलले, तासभर मांडीवर घेऊन तिचे डोळे पाहत बसल्या. पोर रडून रडून झोपली. तिच्या गालावर आजीच्या हाताची पाची बोटं उमटली होती. माणिकबाई त्या बोटांकडं पाहत होत्या.

"आवाजच नाई आला मले," त्या म्हणाल्या. "ह्या कानाकून होती ना ती."

मग त्या उठल्या. बाटली सोडली, बाहेर नेली, कुंपणाजवळ खड्डा करून त्यात ओतली आणि वर माती लोटून पायानं दाबली. हात राखेनं आणि साबणानं घासले. मग परत आत आल्या आणि पहिलं कॅरेट दोन्ही हातांनी धरून मागच्या दाराकडं ओढू लागल्या.

दामिनी दारात आडवी आली. "आत्याबाई, काय करून राह्यल्या? ते मारतीन."

"सर बाजूले."

"मले मारतीन, आत्याबाई. तुमाले नाई."

माणिकबाई थांबल्या. कॅरेट खाली ठेवून त्यांनी सुनेच्या दंडावरच्या निळ्या बोटांवर आपली बोटं ठेवली. हलकेच, माप घ्यावं तशी.

"तुले मी खोटं शिकवलं व पोरी," त्या म्हणाल्या. "लवकर उठ म्हटलं, चिलटं मार म्हटलं. हे उचलून फेक असं नाई म्हटलं. माह्याच डोक्यात नाई आलं. सर."

दामिनी सरली. आणि मग दुसरी बाजू तिनं धरली.

सहा कॅरेटं होती. दोघींनी ती एकामागून एक कुंपणाबाहेरच्या नालीकाठी उपडी केली. काही फळं दारातच फुटली, फरशीवर रस सांडला, त्यावर सालं चिकटली. कौलांवरून वानरं उतरली. मोठा नर आधी आला, मग बाकीची. दोन हातांत दोन संत्री धरून ती कुंपणावर ओळीनं बसली आणि रस गळत्या तोंडांनी खाऊ लागली. माणिकबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "खा रे," त्या म्हणाल्या, "पोटभर खा. चौतीस वर्षांचं हाय."

योगेश दोन वाजता जेवायला आला. कुंपणावरची वानरं त्याला रस्त्यावरूनच दिसली असणार. आत आल्यावर रिकामी कॅरेटं पाहिली, रिकामी खिडकी पाहिली.

"कोनं केलं?"

उत्तराची वाट न पाहता त्यानं दामिनीचे केस धरले.

"म्या केलं," माणिकबाई म्हणाल्या.

त्यानं ऐकलं नाही. पहिल्या फटक्याला दामिनीचा ओठ फाटला. दुसऱ्याला तिचं डोकं भिंतीवर आदळलं, त्याच चुन्याच्या भिंतीवर, लाल ठिपक्यांत. तिनं तोंडावर हात घेतले तेव्हा त्यानं ते हात पिरगाळून खाली ओढले.

"म्या केलं म्हणतो ना. सोड तिले."

"तुह्याशी मंग बोलतो माय. हिले पह्यले..."

मोगरी दाराशी पडली होती. माणिकबाईंनी ती उचलली. पुढचं दामिनीनं रक्तातून पाहिलं. सासूबाईंनी हात फार मागं नेला नाही, ओरडल्या नाहीत. रोज सकाळी पंचा मारताना मनगट वळे तसंच ते वळलं, नेमकं, एक वीतही वाया न घालवता, आणि मोगरी योगेशच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज ओल्या काडीसारखा आला.

केस सुटले. योगेश आपल्या लोंबत्या हाताकडं पाहत राहिला. "माय? तू?"

"तुह्या बापाले माराले पायजे होतं," माणिकबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "राहून गेलं."

त्यानं दुसऱ्या हातानं त्यांना छातीवर ढकललं. सगळा जोर लावून ढकललं, हे दामिनीनं पाहिलं. खाली रस होता, सालं होती. माणिकबाई मागच्या मागं गेल्या आणि कडप्प्याच्या ओट्याचा कोपरा त्यांच्या डाव्या कानाच्या वर लागला.

योगेश क्षणभर थांबला. मग मोडका हात पोटाशी धरून निघून गेला. हाड बसवणाऱ्याकडं, असं नंतर कळलं.

माणिकबाई आपल्या आपण उठल्या. रक्त फार नव्हतं, केसांत थोडं चिकट लागलं तेवढंच. दामिनी हळद घेऊन आली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि ती हळद आधी दामिनीच्याच ओठाला लावली.

"मले काई नाई झालं. त्याच कानाले लागलं. तो तं मेलेलाच हाय." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "बॅग भर. वरूडले जाऊ, तथून अमरावती, अन् मंग अकोला. तुह्या मायच्या घरी जागा हाय का नाई?"

"जाऊ? म्हंजे तुमीबी?"

"मीबी येतो. मले काय हाय आता अथी? चिलटं?"

दामिनी रडता रडता हसली आणि ओठाची जखम पुन्हा ओघळली.

"अकोल्याच्या गाडीत मले खिडकीत बसव," माणिकबाई म्हणाल्या. "उजवा कान बाहेर करून. बडनेऱ्याले रेल्वे दिसते. सांगतो तुले, कोनती भरेल हाय अन् कोनती रिकामी."

मग त्यांना चहाची तल्लफ आली. दामिनीनं अद्रक ठेचून चहा केला, कप त्यांच्यापुढं फरशीवर ठेवला, त्यांनी जे सांगितलं तेवढं केलं आणि आत जाऊन कपाट उघडलं. आकांक्षाचे स्वेटर, स्वतःची कागदपत्रं, सासूबाईंची दोन लुगडी. वीस मिनिटं लागली असतील. बॅगेची चेन लावून ती बाहेर आली तेव्हा माणिकबाई तशाच भिंतीला टेकलेल्या होत्या. कप झाकलेला होता. "चला, आत्याबाई," ती म्हणाली. मग जवळ जाऊन, उजव्या कानाशी, पुन्हा म्हणाली.

पार्वताबाईंनी रुग्णवाहिका बोलावली. वरूडहून अमरावतीला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, कवटीच्या आत रक्त हळूहळू साचतं, माणूस मधल्या वेळात चालतो, बोलतो, आपल्याला वाटतं काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माणिकबाई गेल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पुंजाजींचे धाकटे भाऊ डोमाजी दामिनीजवळ येऊन बसले. चांगले, देवभोळे गृहस्थ. त्यांनी आधी तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली.

"सूनबाई, फरशीवर रस सांडेल होता का नाई?"

"होता, काकाजी."

"सालं होते?"

"होते."

"मंग झालं ना. घसरल्या. खोटं थोडंच हाय ते? पाय घसरूनच पडल्या." त्यांनी तिच्या मांडीवर झोपलेल्या आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "एक माणूस गेलं. दुसरं आपल्या हातानं काहून घालवावं? पोट्टीचा बाप हाय तो. अन् माणिकवैनी असत्या तं त्याबी हेच म्हणाल्या असत्या. सहनशील बाई होती. कधी तोंडातून आवाज काढला नाई."

दामिनी पाण्याच्या बाटलीकडं पाहत होती. घसरल्या म्हटलं तर तिला परत त्याच घरी जायचं होतं. तेच स्वयंपाकघर, नवी कॅरेटं, पहाटे आणखी अर्धा तास आधी उठायचं. आणि पंधरा-वीस वर्षांनी आकांक्षाच्याही हातात कोणीतरी पंचा दिला असता. न बोलणं किती सोपं होतं. चौतीस वर्षं ते एक बाई करत आली होती आणि लोक तिला सहनशील म्हणत होते.

"राहून गेलं, असं म्हणाल्या त्या," दामिनी म्हणाली.

"काय?"

"काई नाई, काकाजी." तिनं लेकीला खांद्यावर घेतलं आणि उठली.

जबाब घ्यायला एक पोलीस शिपाई बाई बसल्या होत्या. तरुण, डोळ्यांखाली जागरण. दामिनीनं खुर्ची पुढं ओढली आणि सांगायला लागली. अचलपूरचे पाहुणे आले होते. ताकात एक चिलट पडलं होतं.

"ताई, हे कधीचं?"

"चौतीस वर्षांपह्यलेचं."

"कालचं सांगा ना. काल दुपारी काय झालं तेवढंच."

"कालचंच सांगून राह्यले," दामिनी म्हणाली.

शिपाई बाईंनी तिच्या फाटक्या ओठाकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचलून त्या लिहू लागल्या. गडवा. वरण. बाटली. पेला. कॅरेटं. मोगरी. आणि तो धक्का, छातीवर, सगळा जोर लावून दिलेला. रस होता का, असं त्यांनी विचारलं. "होता," दामिनी म्हणाली, "पण त्या घसरल्या नाईत. त्याईले ढकललं. मी पाह्यलं." तिनं सही केली. पलीकडं बाकावर डोमाजी मान खाली घालून बसले होते.

"शेवटी काही बोलल्या का?" शिपाई बाईंनी विचारलं. "शेवटचं वाक्य. मुलाचं नाव घेतलं असेल, कोणी मारलं ते सांगितलं असेल तर महत्त्वाचं असतं, म्हणून विचारते."

दामिनीनं आठवून पाहिलं. आठवायची तशी गरज नव्हती. तिच्या हातातला वाफाळता कप, भिंतीला टेकलेल्या सासूबाई, रसानं चिकट झालेली फरशी आणि तिच्यावर कुठूनतरी परत येऊन बसलेली दोन-चार चिलटं.

"बोलल्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, जाय तू, भर बॅग. अन् कपावर बशी ठेवून जाय, चिलट पडन."